सात वाजून पाच मिनिटांनी बोलणारी माणसं

प्रश्न : आमच्या घरी अजूनही सकाळी रेडिओ लागतो. पुण्याच्या ७.०५च्या बातम्या झाल्याशिवाय आजीचा दिवस सुरू होत नाही. माझी धाकटी बहीण बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, वक्तृत्वात बक्षिसं मिळवते आणि तिला ‘रेडिओवर बातम्या द्यायच्या’ आहेत. ही माणसं सरकारी नोकर असतात का? त्यांची निवड कशी होते? आपल्या जिल्ह्यात राहून हे काम करता येईल का? (एक वाचक, शेवगाव)

उत्तर : बहिणीला आधी एवढं सांगा की रेडिओवर ऐकू येणारी सगळी माणसं एकाच कामाची नसतात. आपल्या अहिल्यानगर केंद्रावर, म्हणजे १००.१ मेगाहर्ट्झवर, वेळ सांगून पुढचा कार्यक्रम जाहीर करणारा असतो तो उद्घोषक. शेतीच्या कार्यक्रमात कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञाला बोलतं करतो तो निवेदक. बातम्या वाचतो तो वृत्तनिवेदक, आणि तो बसतो प्रादेशिक वृत्त विभागात. असे विभाग पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा मोजक्या ठिकाणी आहेत. या तिघांच्या मागे आणखी दोघं असतात आणि त्यांची नावं श्रोत्यांना क्वचितच कळतात : बातमी पाठवणारा जिल्ह्याचा वार्ताहर आणि तिला आकार देणारा संपादक. तुमच्या बहिणीला यांपैकी नेमकं काय व्हायचं आहे ते तिने ठरवावं, कारण प्रत्येकाची वाट निराळी आहे.

संपादकाची वाट सर्वांत सरळ आणि सर्वांत अवघड. वृत्त विभागातले अधिकारी बहुतेक करून भारतीय माहिती सेवेतले असतात. त्यांची भरती केंद्रीय लोकसेवा आयोगामार्फत होते आणि बदली देशभर कुठेही होऊ शकते. हेच अधिकारी कधी पत्र सूचना कार्यालयात असतात, कधी आकाशवाणीत, कधी दूरदर्शनवर. म्हणजे आज सरकारचं प्रसिद्धिपत्रक लिहिणाऱ्या अधिकाऱ्याकडे उद्या बातमीपत्राचं संपादन येऊ शकतं. प्रसार भारतीचा कायदा १९९०मध्ये झाला आणि १९९७मध्ये आकाशवाणी व दूरदर्शन या स्वायत्त म्हणवणाऱ्या संस्थेकडे आले, तरी हा धागा तुटलेला नाही. माझ्या मते आपल्या सार्वजनिक रेडिओची ही सर्वांत मोठी उणीव आहे. पैसा जनतेचा असलेल्या माध्यमाला स्वतःचे, कायमचे, केवळ पत्रकारितेचेच काम करणारे संपादक असायला हवेत.

वृत्तनिवेदकाचं बोलायचं तर एकेकाळी या कायम नेमणुका असत आणि त्या आवाजांनी महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांची सकाळ बांधून ठेवली होती. तेव्हा दिल्लीहून साडेआठला येणाऱ्या मराठी बातम्यांमधले दत्ता कुलकर्णी आणि पुण्याच्या प्रादेशिक बातम्यांमधल्या सुधा नरवणे ही नावं आजही कुणासमोर उच्चारली तर ऐकणारा त्यांच्या चालीवर पुढचं वाक्य म्हणून दाखवतो. आधी केंद्राचं नाव, मग स्वतःचं नाव, मग थेट बातमी. नमस्कार-चमत्कार नाही. सुधाताईंचे पती हवाई दलात अधिकारी होते. त्यांचे चिरंजीव मनोज नरवणे पुढे, डिसेंबर २०१९मध्ये, लष्करप्रमुख झाले तेव्हा जुन्या श्रोत्यांना पहिली आठवण झाली ती आईच्या आवाजाची. पडद्यावर चेहरा दिसत नसताना, केवळ उच्चार आणि सुराच्या बळावर एवढी ओळख मिळणं ही या व्यवसायाची खरी कमाई.

दहा मिनिटांच्या त्या बातमीपत्रामागे काय असतं ते बारकाईने सांगतो, म्हणजे वक्तृत्व आणि वृत्तनिवेदन यांतला फरक बहिणीच्या लक्षात येईल. सकाळच्या पाळीची माणसं उजाडण्यापूर्वीच कार्यालयात असतात. रात्रभरात आलेल्या बातम्या निवडायच्या, इंग्रजी-हिंदीतून आलेल्या मराठीत आणायच्या आणि त्या मराठीत आणताना वाक्य कानाला एका दमात कळेल एवढंच ठेवायचं. वर्तमानपत्राचा वाचक मागे जाऊन ओळ पुन्हा वाचू शकतो. श्रोत्याला ती सोय नाही. म्हणून ‘ज्यांनी’, ‘ज्यामुळे’, ‘असे असले तरी’ अशा शेपट्या छाटल्या जातात. मोठे आकडे अक्षरांत लिहून ठेवले जातात, कारण माइकसमोर शून्यं मोजायला वेळ नसतो. कागदाच्या एकाच बाजूला लिहिलेलं असतं, टाचणी नसते. वाचून झालेला कागद उलटायचा नाही, आवाज न करता बाजूला सरकवायचा. समोर सेकंदकाटा असलेलं घड्याळ. लाल दिवा लागला की मध्ये थांबायची सोय नाही. पहिल्या मिनिटात ठळक बातम्या, शेवटी पुन्हा ठळक बातम्या, आणि मधल्या बातम्यांपैकी एक-दोन अशा की वेळ कमी पडला तर गाळता येतील आणि उरला तर वाचता येतील. हा हिशोब वाचतावाचताच करायचा असतो, आणि सुरात तो जाणवू द्यायचा नसतो.

वक्तृत्वस्पर्धेत टाळी घेणारा आवाज इथे अडचणीचा ठरतो. अपघाताची बातमी रडवेली होता कामा नये आणि निवडणुकीचा निकाल आनंदाने फुललेला होता कामा नये. निवडीच्या वेळी होणाऱ्या आवाज चाचणीत नेमकं हेच पाहतात : ‘ण’ आणि ‘न’, ‘ळ’ आणि ‘ल’ स्पष्ट आहेत का, अनोळखी उतारा पहिल्याच वाचनात अर्थ धरून वाचता येतो का, परप्रांतीय आणि परदेशी नावं आली की अडखळायला होतं का. सोबत लेखी परीक्षा असते, भाषांतर असतं, चालू घडामोडी असतात, मुलाखत असते.

आता जिल्ह्यात राहून काय करता येईल ते पाहू. पहिली वाट नैमित्तिक उद्घोषकाची. अहिल्यानगर केंद्राला गरज असेल तेव्हा जाहिरात निघते, स्थानिक उमेदवारांची लेखी आणि आवाजाची चाचणी होते, निवड झालेल्यांना ‘वाणी’ नावाचं छोटं प्रशिक्षण असतं. मग पाळीनुसार काम आणि पाळीनुसार मानधन. पण हे पोटापाण्याचं काम आहे असं समजून कुणी येऊ नये. नैमित्तिक माणसाला महिन्याला साधारण सहाच पाळ्या देण्याचा दंडक आहे. म्हणून हे काम करणाऱ्यांत तुम्हाला शिक्षक, प्राध्यापक, वकील, पदव्युत्तर विद्यार्थी आणि घर सांभाळून येणाऱ्या गृहिणी दिसतील. कायम उद्घोषकांची भरती कित्येक वर्षं थंडावली आहे. निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या जात नाहीत आणि केंद्र चालतं ते या पाळीवाल्यांच्या जिवावर. ही गोष्ट मला मनापासून खुपते. ज्यांच्या तोंडून ‘आकाशवाणी’ हा शब्द रोज उमटतो, त्यांना आकाशवाणीने आपलं मानायला हवं.

दुसरी वाट अंशकालीन वार्ताहराची. जिल्ह्यासाठी असा वार्ताहर करारावर नेमला जातो. त्याला पत्रकारितेचा अनुभव लागतो आणि जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा त्याच्या अगदी जवळ राहावं लागतं. आपला जिल्हा महाराष्ट्रात क्षेत्रफळाने सर्वांत मोठा : १७ हजार चौरस किलोमीटरच्या वर, १४ तालुके. अकोले तालुक्यातल्या भंडारदऱ्याला पावसाने दरडी कोसळत असतात त्याच दिवशी जामखेड-कर्जतला टँकरच्या खेपा मोजल्या जात असतात. ही दोन्ही टोकं एका माणसाने सांभाळायची. मुळा धरण २६ टीएमसीचं, ते किती भरलं, आवर्तन कधी सुटणार, जायकवाडीला खाली किती पाणी जाणार, यावर राहुरी-नेवाशापासून खाली पैठणपर्यंत लोकांचे व्यवहार ठरतात. इथे ‘सुमारे’ आणि ‘अंदाजे’ चालत नाही. कालवा निरीक्षकाला दोनदा फोन करून खात्री करून घेतलेला आकडाच पुढे जातो.

गावाच्या नावाचंही तसंच. ‘कर्जतला अतिवृष्टी’ एवढंच वाचलं तर ऐकणाऱ्याने काय समजायचं? एक कर्जत रायगडात, घाटाखाली. दुसरं आपलं, भीमा-सीनेच्या पट्ट्यातलं, पावसाला आसुसलेलं. जिल्ह्याचं नाव सुटलं की बातमी खोटी ठरते, आणि मुंबईत नोकरी करणारा आपल्या कर्जत तालुक्यातल्या राशीनचा मुलगा घाबरून घरी फोन लावतो. चांगला जिल्हा वार्ताहर अशा ठिकाणीच ओळखू येतो.

बहिणीने पदवी पूर्ण करावी. पत्रकारितेची पदविका करावी, इंग्रजी-हिंदीतून मराठीत भाषांतर पक्कं करावं, एखाद्या दैनिकात दोन-तीन वर्षं तालुक्याच्या बातम्या कराव्यात आणि नैमित्तिक निवडीची जाहिरात निघाली की अर्ज करावा. या व्यवसायात ती श्रीमंत होणार नाही. पण काम खरं आहे, आणि ते नीट करणारी माणसं कमी आहेत.

प्रश्न : माझे वडील सांगत की त्यांच्या तरुणपणी गावोगाव शाळेत नाहीतर चावडीत रेडिओभोवती जमून लोक शेतीचा कार्यक्रम ऐकत, त्यावर वाद घालत आणि प्रश्न लिहून पुण्याला पाठवत. त्या प्रश्नांची उत्तरं म्हणे रेडिओवरून मिळत. आम्हा भावंडांना ही वडिलांची गोष्टच वाटायची. असं खरोखर काही होतं का? (एक वाचक, पारनेर)

उत्तर : होतं, आणि त्याचा अभ्यास जगभरात वाचला गेला. वडिलांच्या सांगण्यावर पूर्ण विश्वास ठेवा.

१९५६ साली युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने एक प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातले पुणे, अहमदनगर (म्हणजे आजचं अहिल्यानगर), नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर असे पाच मराठी जिल्हे निवडले. त्यांतली सुमारे दीडशे गावं. प्रत्येक गावात वीसेक माणसांचं एक श्रोतामंडळ, त्याला एक अध्यक्ष आणि कागदपत्रं सांभाळणारा एक चिटणीस. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलअखेरपर्यंत आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासाचे असे एकूण वीस कार्यक्रम झाले. विषय शेती, आरोग्य, शिक्षण, गावचा कारभार असे. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि चर्चा सुरू करायची. काय ठरलं, काय पटलं नाही, काय कळलं नाही, ते चिटणिसाने लिहून पुण्याला पाठवायचं. पुढच्या कार्यक्रमांत त्या प्रश्नांना उत्तरं मिळत.

कल्पना मूळची कॅनडातली. तिथे १९४०च्या दशकात शेतकऱ्यांची अशी श्रोतामंडळं होती. आपल्याकडे ती आणण्यात आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर यांचा मोठा वाटा होता. प्रयोगाचं मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केलं आणि त्याची धुरा पॉल नॉयराथ या समाजशास्त्रज्ञाकडे होती. हा गृहस्थ मूळचा व्हिएन्नाचा. नाझींच्या डाखाऊ आणि बुखेनवाल्ड या छळछावण्यांतून जिवंत सुटलेला, अमेरिकेत प्राध्यापक झालेला आणि नंतर मुंबईला आलेला. एवढं भोगून आलेल्या माणसाने आपल्या खेड्यांतल्या चर्चा किती मन लावून टिपल्या हे त्यांच्या अहवालातून कळतं.

त्यांनी तुलना नीट केली. श्रोतामंडळाची गावं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला दोन प्रकारची गावं : रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी, आणि रेडिओच नाही अशी. प्रयोगाआधी आणि नंतर लोकांना तेच प्रश्न विचारले. मंडळांच्या गावांत माहितीत ठळक वाढ झाली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती तशी दिसली नाही. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. रेडिओ पेटी गावात आणून ठेवल्याने गाव शिकत नाही. ऐकलेल्यावर चार माणसं बोलली, भांडली, आणि त्यांचं म्हणणं परत त्या आवाजापर्यंत पोचलं, तर फरक पडतो. या यशानंतर १९५९पासून श्रोतामंडळांची योजना देशभर नेली गेली. पुढे ती सरकारी उद्दिष्टांत अडकली आणि ओसरत गेली, पण सुरुवात आपल्या या पाच जिल्ह्यांत झाली होती.

सार्वजनिक रेडिओच्या निवेदकाच्या कामाचा गाभाही यातूनच कळतो. त्याच्याकडे येणारं पत्र हा त्याच्या कामाचा निम्मा भाग असतो. ‘आपली आवड’ या फर्माइशी गाण्यांच्या कार्यक्रमासाठी पोस्टकार्डांचे गठ्ठे यायचे तेव्हा उद्घोषक त्यातली गावांची नावं आवर्जून वाचायचे, आणि आपल्या गावाचं नाव रेडिओवर आलं म्हणून सगळी आळी खूश व्हायची. शेतीच्या कार्यक्रमात तर पत्र म्हणजेच पुढच्या आठवड्याचा विषय. कांद्यावर करपा पडला म्हणून पारनेरहून पत्रं आली की राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातल्या तज्ज्ञाला बोलवायचं, हे निवेदकाने ठरवायचं. आज पत्रांच्या जागी फोन आणि व्हॉट्सॲपचे निरोप आले आहेत. काम मात्र तेच आहे : विचारणाऱ्याचा प्रश्न न बदलता, त्याच्याच भाषेत, उत्तर देणाऱ्यापुढे ठेवायचा, आणि उत्तर अवघड होऊ लागलं की श्रोत्याच्या वतीने ‘म्हणजे काय?’ असं थांबून विचारायचं.

वडिलांच्या पिढीतलं कुणी हयात असेल तर त्यांच्या आठवणी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. त्या मंडळांत बसलेली माणसं आता नव्वदीच्या घरात असणार.

प्रश्न : खासगी एफएमवर किंवा सामुदायिक रेडिओवर पत्रकारिता का दिसत नाही? (एक वाचक, श्रीरामपूर)

उत्तर : कारण त्यांना परवानगी नाही. खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा पुन्हा ऐकवण्याची मुभा त्यांना २०११च्या धोरणाने मिळाली, तेवढीच. सामुदायिक केंद्रांनाही तोच नियम. साताऱ्यातल्या माण तालुक्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ २००८पासून उत्तम काम करतं. बायकांचे प्रश्न, बाजार, आरोग्य, लोकगीतं असं सगळं तिथे आहे. पण गावातल्या घोटाळ्याची बातमी ते देऊ शकत नाही. वर्तमानपत्र, वाहिनी, मोबाइल या सगळ्यांना बातमीची मोकळीक आणि एका रेडिओलाच बंदी, याला आज काहीच आधार उरलेला नाही. हा नियम जायला हवा. तोवर आपल्या देशात रेडिओ पत्रकार म्हणजे आकाशवाणीचा पत्रकार, दुसरा नाही.

प्रश्न : आपल्या शहराचा रेडिओच्या इतिहासाशी काही संबंध आहे का? (एक विद्यार्थिनी, अहिल्यानगर)

उत्तर : आहे, आणि तो अभिमानाने सांगावा असा आहे.

ऑगस्ट १९४२. ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नेते पकडले गेले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद आणि काँग्रेस कार्यकारिणीतले इतर नेते आपल्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवले. वर्तमानपत्रांवर बंधनं आली. ऑल इंडिया रेडिओ सरकारचा, त्यामुळे तिथे सरकारचीच बाजू. देशात काय चाललं आहे ते लोकांना कळायची वाटच बंद झाली. तेव्हा मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या तरुण साथीदारांनी गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ उभा केला. पहिलं प्रसारण २७ ऑगस्टला, ४२.३४ मीटरवर. पोलिसांना माग लागू नये म्हणून यंत्र एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवायचं. या रेडिओमागे राममनोहर लोहिया होते, आणि त्यावरून बोलणाऱ्या भूमिगत नेत्यांमध्ये होते अच्युतराव पटवर्धन. १९०५ साली याच नगरमध्ये जन्मलेले. देशाचे नेते नगरच्या किल्ल्यात बंद आणि नगरचा माणूस मुंबईतून चोरट्या लहरींवर लोकांशी बोलतो आहे, असा तो काळ.

तो रेडिओ नुसत्या भाषणांचा नव्हता. त्यावर बातम्या असत. चितगावची बॉम्बफेक, जमशेदपूरचा संप, आणि आपल्या विदर्भातल्या चिमूर-आष्टीत झालेले अत्याचार, हे सारं दडपलं जात असताना निरोप्यांकरवी माहिती आणून त्या तरुणांनी ते लोकांना सांगितलं. विशी-बाविशीतली ही मुलं म्हणजे आपले पहिले स्वतंत्र रेडिओ पत्रकार, असं मी मानतो. १२ नोव्हेंबर १९४२ला पोलिसांनी छापा घातला. प्रसारण चालू असतानाच उषा मेहता पकडल्या गेल्या, त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. अच्युतराव शेवटपर्यंत हाती लागले नाहीत. पुढे १९५०मध्ये त्यांनी राजकारणच सोडलं.

१९४२मध्येच लंडनहून बीबीसीचं मराठी प्रसारणही सुरू झालं होतं. त्यासाठी इंग्रजीतून साप्ताहिक वार्तापत्र लिहून देणाऱ्यांमध्ये जॉर्ज ऑर्वेल होते. त्यांचं लिखाण मराठीत आणून मराठी माणसं वाचत. म्हणजे १९४२च्या ऑगस्टअखेरपासून नोव्हेंबरच्या त्या छाप्यापर्यंत मराठी श्रोत्याच्या कानावर तीन बाजू येत होत्या : दिल्ली-मुंबईची सरकारी, लंडनची मित्रराष्ट्रांची, आणि गिरगाव-चौपाटीच्या आसपासच्या एखाद्या भाड्याच्या खोलीतली आपली. खरं कोण बोलतंय हे श्रोत्यांनी पारखायचं होतं, आणि त्यांनी ते पारखलं.

प्रश्न : रेडिओवर बोलायचं तर पुणेरी मराठीच हवी का? आमच्या बोलण्यात ‘आलतो-गेलतो’ येतं. त्यामुळे माझ्या मुलाला आवाज चाचणीला जायचीच भीती वाटते. (एक पालक, जामखेड)

उत्तर : बातमीपत्रात प्रमाण मराठी लागते, कारण ते गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळ्यांना सारखं कळायला हवं. ती शिकता येते. रोज अर्धा तास वर्तमानपत्र मोठ्याने वाचावं, ध्वनिमुद्रित करून ऐकावं, चुकांवर खुणा करून पुन्हा वाचावं. पाच-सहा महिन्यांत फरक पडतो. त्यासाठी घरातली बोली सोडावी लागत नाही.

कार्यक्रमांचं तर उलटंच आहे. पुणे केंद्रावर १९५५पासून ग्रामीण कार्यक्रमांची जबाबदारी ज्यांनी वाहिली ते व्यंकटेश माडगूळकर माणदेशातल्या माडगूळचे. शाळेच्या परीक्षाही त्यांनी पुऱ्या केल्या नव्हत्या. त्यांच्या सोबत त्या कार्यक्रमांत काम करणारे जयराम कुलकर्णी सोलापूर जिल्ह्यातल्या खेड्यातले. पुढे मराठी चित्रपटांत त्यांना सगळ्यांनी पाहिलं. शेतकऱ्याला ऐकावासा वाटेल असा रेडिओ या माणसांनी उभा केला, तो त्यांना गावाचं बोलणं येत होतं म्हणून. त्याच पुणे केंद्रावर त्या काळात पु. ल. देशपांडे होते, कवी बा. भ. बोरकर होते, आणि १ एप्रिल १९५५पासून तिथूनच ‘गीतरामायण’ घराघरांत पोचलं. बोरकरांच्या मराठीत गोवा होता, माडगूळकरांच्या मराठीत माण होतं. तिथे एकाच साच्यातली मराठी कुणी मागितली नव्हती.

आपल्या जिल्ह्याच्या केंद्राला तर जामखेड-पाथर्डीचं बोलणं कानात असलेला निवेदक हवाच आहे. ऊसतोडीला निघालेल्या बाईची मुलाखत घ्यायची तर तिचे शब्द कळणारा माणूस समोर हवा. त्याच्यापुढेच ती मोकळी बोलेल.

आणि आता सगळ्यांनाच एक विनंती. जून २०२३मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून देण्याचं ठरलं होतं. श्रोते, पत्रकार आणि लोकप्रतिनिधींनी विरोध केला आणि तो निर्णय स्थगित करावा लागला. श्रोता बोलला की यंत्रणा ऐकते, याचा हा दाखला. म्हणून आपापल्या केंद्राला कळवत राहा : काय आवडलं, कोणत्या गावाची बातमी सुटली, कोणतं नाव चुकलं. रिकाम्या जागा भरा, असं खासदारांना लिहा. पत्रात आपल्या गावाबरोबर तालुका न चुकता घाला. आणि जामखेडच्या त्या मुलाला चाचणीला पाठवाच.